पहिली भेट कोणाची? कुटुंबवैद्य, तज्ज्ञ डॉक्टर आणि उपचारांचा खर्च

नवी दिल्ली : वारंवार डोके दुखणारा रुग्ण आधी परिचयाच्या फॅमिली डॉक्टरकडे जातो की थेट मेंदूविकारतज्ज्ञाकडे, यावर त्याच्या उपचारांचा खर्च मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. दोघांच्या तपासणी शुल्कातील तफावत सहज नजरेत भरते. परंतु खरा फरक पडतो तो पहिल्या भेटीनंतर सुचविल्या जाणाऱ्या चाचण्या, औषधे आणि रुग्णालयातील भरती यांमुळे. भारतात आरोग्यावरील खर्चाचा मोठा वाटा आजही कुटुंबांच्या खिशातून जात असल्याने हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. तो घरखर्चाचाही ठरतो.

दोघांच्या कामातील फरक

सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करणारा डॉक्टर, म्हणजेच कुटुंबवैद्य, कोणत्याही वयाच्या आणि कोणत्याही तक्रारीच्या रुग्णाला प्रथम तपासतो. तज्ज्ञ डॉक्टर एखादा अवयव, आजार किंवा शस्त्रक्रिया यांचे सखोल प्रशिक्षण घेतलेला असतो.

समाजातील आजारपणाचे स्वरूप पाहता पहिल्या प्रकारच्या डॉक्टरची गरज अधिक वेळा भासते. अमेरिकेतील केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दर १,००० प्रौढांपैकी सुमारे ७५० जणांना एका महिन्यात काही ना काही दुखणे जाणवते आणि २५० जण डॉक्टरकडे जातात. त्यांपैकी केवळ ९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागते, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले जाते आणि एकालाच विद्यापीठाशी संलग्न मोठ्या रुग्णालयाची गरज पडते.

एकच चाचणी, दोन अर्थ

खर्चातील फरकाचे मूळ याच आकड्यांत आहे. समजा, एखादी चाचणी १०० आजारी व्यक्तींपैकी ९० जणांचा आजार ओळखते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी १० जणांना चुकून आजारी ठरविते. कुटुंबवैद्याकडे आलेल्या १,००० रुग्णांपैकी १० जणांनाच तो गंभीर आजार असेल, तर सरसकट चाचणी केल्यास १०८ जणांचा अहवाल दोषदर्शक येईल आणि त्यांत खरे आजारी केवळ ९ असतील. उरलेल्या ९९ जणांच्या वाट्याला पुढील तपासण्या, खर्च आणि धास्ती येईल.

तज्ज्ञाकडे निवडून पाठविलेल्या १,००० रुग्णांत ३०० जण खरोखर आजारी असतील, तर तीच चाचणी ३४० जणांना दोषी ठरवील आणि त्यांत २७० निदाने अचूक असतील. म्हणजे तज्ज्ञाच्या कामाची परिणामकारकता आधी झालेल्या निवडीवर अवलंबून असते. ही निवड न होता रुग्ण थेट पोहोचू लागले, तर गंभीर शक्यता आधी तपासण्याची तज्ज्ञाची सवय, जी अन्यथा योग्यच असते, खर्च वाढविते.

अभ्यास काय सांगतात?

कॅथरीन बेकर आणि अमिताभ चंद्रा यांच्या २००४ मधील अभ्यासात, अमेरिकेतील ज्या राज्यांत सर्वसाधारण डॉक्टरांचे प्रमाण अधिक होते, तेथे ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेचा दरडोई खर्च कमी आणि उपचारांचा दर्जा चांगला आढळला. तज्ज्ञांचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत चित्र उलट होते. मात्र राज्याराज्यांतील उत्पन्न आणि रुग्णांची स्थिती भिन्न असते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, या मुद्द्यावर पुढे बराच वाद झाला.

त्याआधी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेडिकल आउटकम्स स्टडी’त रुग्णांच्या आजाराची तीव्रता विचारात घेऊनही हृदयरोगतज्ज्ञ आणि अंतःस्रावतज्ज्ञ यांच्याकडील रुग्णांवर अधिक साधने खर्च होत असल्याचे दिसले. याच प्रकल्पाच्या १९९५ मधील निष्कर्षांनुसार, उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांच्या प्रकृतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. अपवाद होता मधुमेहींच्या पायावरील जखमांचा. तेथे तज्ज्ञांची कामगिरी सरस ठरली.

हा अपवाद महत्त्वाचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली असलेल्या रुग्णांचा वर्षभरातील मृत्यूचा धोका १२ टक्क्यांनी कमी असल्याचे १९९६ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आढळले. छातीत तीव्र कळ येणे, अचानक एक बाजू लुळी पडणे किंवा शुद्ध हरपणे अशा प्रसंगी थेट रुग्णालय गाठणे हाच योग्य मार्ग असतो. तेथे झालेला विलंब जीवावर बेततो आणि नंतरचा खर्चही वाढवितो.

इतर देशांतील रचना

ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यापासून तातडीचे प्रसंग वगळता तज्ज्ञाकडे जाण्याचा मार्ग सामान्यतः कुटुंबवैद्यामार्फत जातो. फ्रान्सने २००४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार रुग्णाने आपला नियमित डॉक्टर निवडायचा असतो; त्याला वगळून तज्ज्ञाकडे गेल्यास विम्याचा परतावा घटतो.

या रचनेने एकूण खर्च हमखास कमी होतो, असे मात्र नाही. युरोपातील ३१ देशांच्या २०१३ मधील तुलनेत, प्राथमिक सेवेची रचना भक्कम असलेल्या देशांचा आरोग्यखर्च उलट जास्तच आढळला. परंतु जेथे प्राथमिक स्तरावर सर्वांगीण उपचार मिळत होते, तेथे तो वाढण्याचा वेग कमी होता. डॉक्टर आणि रुग्ण यांचे नाते किती जुने आहे, यालाही महत्त्व असते. नॉर्वेतील अभ्यासात एकाच कुटुंबवैद्याकडे १५ वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांत तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होते. त्यांची तुलना जेमतेम वर्षभर तोच डॉक्टर असलेल्यांशी करण्यात आली होती.

भारतातील पेच

भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांवर आधारित व्यवस्था आणि समाजाची गरज ओळखणारा ‘मूलभूत डॉक्टर’ यांची शिफारस केली होती. प्रत्यक्षात वैद्यकीय विद्यार्थ्याचे शिक्षण प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांत होते आणि एमबीबीएस ही पदव्युत्तर प्रवेशाची पायरी मानली जाते. कुटुंबवैद्यक या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी महाविद्यालये अजून मोजकी आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्चाचा किमान दोन तृतीयांश भाग प्राथमिक सेवेला देण्याचे उद्दिष्ट ठेवले. केरळने त्याच वर्षी ‘आर्द्रम’ मोहिमेतून प्राथमिक केंद्रांचे कुटुंब आरोग्य केंद्रांत रूपांतर सुरू केले.

दुसरीकडे तज्ज्ञांची वाटणीही विषम आहे. महाराष्ट्रात ज्यांना ग्रामीण रुग्णालये म्हटले जाते, त्या स्तरावरील देशभरातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत २०२१-२२ मध्ये आवश्यकतेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. परिणामी शहरात रुग्ण गरज नसताना तज्ज्ञाकडे जातो, तर खेड्यात गरज असूनही तज्ज्ञ भेटत नाही.

याचा भार कुटुंबांवर पडतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत रुग्णालयातील एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये होता.

आयुष्मान भारत योजनेची दोन अंगे हा पेच स्पष्ट करतात. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते, परंतु ते रुग्णालयातील भरतीशी निगडित असते. नेहमीची बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे त्यात येत नाहीत. ती जबाबदारी आयुष्मान आरोग्य मंदिरांवर आहे. तेथे डॉक्टर, औषधे आणि रुग्णाचे ऐकून घेण्याइतका वेळ उपलब्ध असेल, तर रक्तदाब आणि मधुमेह वेळीच आटोक्यात राहतात. तसे न झाल्यास तोच रुग्ण काही वर्षांनी पक्षाघात किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. विमा असल्यास भरतीचे बिल भरले जाते. परंतु बुडालेली मजुरी आणि घरी परतल्यानंतरची वर्षानुवर्षांची औषधे यांचा भार कुटुंबालाच पेलावा लागतो.