नमुना १५ : तासांची नोंदवही

मुळशीत पौड ओलांडून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता वळणावळणांचा. घाटात धुके उतरले की चालकाचा सरावच कामी येतो. पण हा सराव किती तासांचा, हे कोणी लिहून ठेवायचे?

१९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्याखालील केंद्रीय नियमांनी मोटार प्रशिक्षण शाळांवर एक वही बंधनकारक केली : नमुना १५. तारीख, प्रत्यक्ष गाडी चालवल्याची वेळ, वाहनाचा वर्ग आणि शिक्षक व शिकाऊ अशा दोघांच्या सह्या. हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवस, १० तास.

काकांना शेजारी बसवून शिकणाऱ्यासाठी मात्र अशी वहीच नाही! शेजारचा माणूस परवानाधारक हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा, गाडीला पुढेमागे तांबडा 'एल' हवा. शिकाऊ परवान्याला ३० दिवस झाले की चाचणी. म्हणजे दिवस मोजले, तास नाहीत.

२०२१च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांतील हलक्या वाहनाचे प्रशिक्षण २९ तासांचे केले, पैकी २१ प्रात्यक्षिकाचे. तिथे उत्तीर्ण होणाऱ्यास आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. घरी शिकणाऱ्याला तासांचा हिशेब अजूनही कोणी विचारत नाही.