गाव, शहर आणि पोटापाण्याचा रकाना

जनगणनेची ड्यूटी ज्यांनी कधी केली असेल त्यांना ठाऊक असेल, की सरकारच्या लेखी गाव आणि शहर यांतला फरक बराचसा माणसांच्या पोटापाण्यावरून ठरतो. नगरपालिका नसलेल्या वस्तीला जनगणनेत शहर म्हणायचे तर तीन अटी आहेत. लोकसंख्या किमान ५,००० हवी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे हवीत आणि कमावत्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. बायकांच्या कामाचा या हिशेबात विचारच नाही! पुढे कामांची ढोबळ वर्गवारी केली जाते तीही चारच प्रकारांत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि 'इतर'. मास्तर, वकील, गिरणी कामगार, रिक्षावाला आणि माझ्यासारखा कारकून, सगळे त्या एका 'इतर'मध्ये.

या व्याख्येमुळे २०११ साली गोव्यात ७० शहरे निघाली. त्यांतली ५६ अशी, की जिथे नगरपालिका नव्हती. कळंगुट त्यांतलेच. पंचायत तीच, देऊळ-इगर्ज तीच, पण शेतात उतरणारे पुरुष उरले नाहीत म्हणून कागदावर गावाचे शहर झाले. हे कसे घडते ते समजून घ्यायला मला इंदूरचे विजय नगर फार उपयोगी पडले.

आपल्याला इंदूर माहीत असते ते होळकरांचे. माळव्याशी आपलेही जुने नाते आहे. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे मूळचे पेडण्याच्या केरीचे. लेखणी आणि तलवार घेऊन कितीतरी मराठी घराणी त्या काळात उत्तरेत गेली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीने तात्या जोग आणि इंग्रजांच्या वतीने जॉन माल्कम वाटाघाटीला होते. त्यानंतर राजधानी इंदूरला स्थिरावली आणि दरबाराबरोबर फडणीस, चिटणीस, कारकून, भिक्षुक, वैद्य अशी मराठी माणसे तिथे वसली. मराठी माणसाचे इंदूरमधले पहिले मोठे काम हे असे दफ्तराचे होते.

पण दफ्तर चालत होते ते खेड्यांच्या वसुलीवर. माळव्याच्या गावात पटेल, हिशेब ठेवणारा पटवारी, राखण करणारा आणि निरोप पोचवणारा बलाई, शिवाय सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशी मंडळी. मोबदला सुगीतले धान्य किंवा जमिनीचा तुकडा. आपल्याकडे मडवळ, म्हालो, चारी यांना भात मिळायचे त्यातलाच हा प्रकार. त्या व्यवस्थेत कोणी सहसा बेकार होत नसे, कारण काम जन्माबरोबर मिळत असे. आणि नेमक्या त्याच कारणाने कोणाला ते सोडताही येत नसे. गावगाड्याचे गोडवे गाताना आपण हा दुसरा भाग हळूच विसरतो.

इंदूरला पैसा आला तो शेतातूनच, पण अफूच्या. माळव्याची अफू चीनला जाई. इंग्रजांना तिच्यावर आपला ताबा हवा होता. तो चुकवण्यासाठी व्यापाऱ्यांनी राजस्थानातल्या पालीवरून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला माल नेण्याची वाट काढली. या धंद्यातले एक मोठे नाव म्हणजे मूळ गोव्याचे रोजेरियु द फारिया. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि ती वाट बंद झाली. म्हणजे माळव्यातला एक शेतकरी बोंडाला चीर देत होता आणि त्यावर इंदूरचा सावकार, दमणचा खलाशी आणि मुंबईचा दलाल असे सगळे 'इतर' जगत होते.

पुढे कापूस आला. दुसऱ्या तुकोजीरावांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्यांच्याच काळात सरकारी कापडगिरणी उभी राहिली. १९०९ साली मालवा मिल आली, मग अफू आणि कापसाच्या व्यापारात गबर झालेल्या सेठ हुकुमचंदांची मिल, आणि त्यांच्यामागून आणखी काही. खेड्यापाड्यांतून माणसे भोंग्यावर जगायला आली. इथे कोणाचा मुलगा यापेक्षा हाताला काय येते हे जास्त विचारले जाई. महिन्याला रोख पगार. गावात ज्याला पाणवठ्यावर जागा नव्हती त्याला इथे मागावर जागा मिळू शकत होती. शहराने दिलेली ही मोकळीक लहान नव्हती.

सगळ्यांनाच ती मिळाली असे मात्र नाही. १९१८ साली इंदूर दरबाराला नगररचनेचा अहवाल देणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढली होती. तिच्यात शहराच्या झाडूवाल्यांना त्यांनी मानाने चालवले. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे इंदूर देशातल्या स्वच्छ शहरांत पहिले आले (शेवटच्या वर्षी सुरतेबरोबर). तेव्हाही सत्कार झाले. पण झाडू कोणाच्या हाती हे अजूनही पुष्कळदा जन्मच ठरवतो. गावातली ही एक गोष्ट शहरात जशीच्या तशी आली.

आणि शहराच्या कामाची दुसरी बाजू १२ डिसेंबर १९९१ रोजी दिसली. हुकुमचंद मिल बंद पडली आणि ५,८९५ कामगार बाहेर आले. देण्यांचा खटला ३२ वर्षे चालला. २५ डिसेंबर २०२३ रोजी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला, तोवर अनेक कामगार वारले होते. पैसे निघाले कशातून? मिलच्या सुमारे ४२ एकर जमिनीतून. शेवटी किंमत आली ती जमिनीलाच!

विजय नगर समजते ते इथे. शहराच्या ईशान्येला, आग्रा-मुंबई रस्त्यालगत, इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांतून हा भाग वसला. लोक अजूनही 'स्कीम ५४', 'स्कीम ७४' असाच पत्ता सांगतात. भमोरी, निरंजनपूर ही आजूबाजूची नावे गावांची, पण आता तिथे वस्त्या आहेत. काळ्या कसदार जमिनीवर मॉल, कोचिंग क्लासेस, बँका, दवाखाने उभे आहेत. माझे एक नातलग तिथे राहतात. त्यांच्या इमारतीचा रखवालदार देवास बाजूच्या खेड्यातला. घरी थोडी सोयाबीनची जमीन. कापणीला तो पंधरा दिवस गावी जातो आणि पुन्हा गेटवर येतो. शेती पोटाला पुरत नाही, आणि नोकरीची खात्री नाही, म्हणून एक पाय इथे, एक तिथे. सरकारने त्याला कुठल्या रकान्यात लिहावे?

गावात माणसाला काम सोडता येत नव्हते आणि शहरात काम माणसाला केव्हा सोडील याचा नेम नाही, हा मला खरा फरक वाटतो. आपल्याला तो नवा नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. सांगे, सत्तरी, डिचोलीतले टिप्परवाले गावातच राहत होते, पण त्यांची अवस्था इंदूरच्या गिरणी कामगारासारखीच झाली. राहणे गावचे, जोखीम शहराची. ज्यांनी शेत राखले होते त्यांना निदान भात तरी पेरता आले.

म्हणून पोटापाण्याच्या रकान्यात 'इतर' लिहिणाऱ्या आपण सर्वांनी, मीही त्यातलाच, गावची जमीन विकण्यापूर्वी विजय नगरच्या त्या रखवालदाराचा विचार करावा. त्याच्याकडे परत जायला पंधरा दिवसांचे का होईना, एक शेत आहे. आपल्या मुलांकडे असेल का?