आगोट आणि उचल

आमच्या घरी आजीची आगोट ठरलेली असायची. मृगाआधी तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी, मिरची, मीठ... चार महिन्यांची बेगमी! पण कर्जत-खालापुरात दिवाळीनंतरही एक बेगमी चालते, कातकरी वाड्यांवर. तिच्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं.

भातकापणी उरकली की वीटभट्टीचा नाहीतर कोळसाभट्टीचा ट्रक येतो. तांदूळ, तेल, मीठ, गोधड्या, भांडी, पोरंबाळं सगळं त्यात चढतं. मग पावसाळ्यापर्यंत भट्टीशेजारची झोपडी हेच घर. लहानपणी मला वाटायचं, हे सहलीला निघालेत.

मूळचे हे खैराचा कात काढणारे, नावही त्यावरूनच. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, तो धंदा सुटत गेला. पावसाळ्यात हाताला काम नाही, म्हणून भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची. म्हणजे ट्रकमधला किराणा ही अजून न केलेल्या कामाची मजुरी!

१९७६मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली. १९७८मध्ये सरकारी खावटी कर्ज आलं, ते २०१३पर्यंत चाललं. कोविडच्या वर्षी, २०२०मध्ये, खावटी अनुदान मंजूर झालं: कुटुंबाला ४००० रुपये, निम्मे रोख, निम्म्याचा किराणा. उचल मात्र संपली नाही.

आजी आगोट भरायची ती शिलकीतून. यांचं पोतं भरतं ते कर्जातून.

असो. ट्रक गेलेला मला आठवतो, परत आलेला आठवत नाही. आपल्या घरात कुणाला आठवतोय का?