रुपया तोच, मोल निराळें

जुन्या घराण्याच्या माळ्यावर कधीं कधीं लाल कापडांत बांधलेली हिशेबाची चोपडी सांपडते. तिचीं पानें उलटणाऱ्यास एका गोष्टीचें नवल वाटतें. आज धान्याचा भाव सांगतांना किलोस इतके रुपये असें सांगण्याची रीत आहे. जुन्या चोपडींतली रीत नेमकी उलट असते. रुपयास ज्वारी इतके शेर, रुपयास तांदूळ इतक्या पायल्या, अशा शब्दांत तेथें भाव लिहिलेला असतो. धान्याचें माप कायम धरून रुपये मोजावयाचे नाहींत. रुपया कायम धरून धान्य मोजावयाचें. महागाई झाली म्हणजे रुपयांचा आंकडा फुगत नसे. रुपयाच्या पदरांत पडणारें माप आटत असे.

हा केवळ बोलण्यांतला भेद नव्हे. अर्थशास्त्रांत जिला पैशाची क्रयशक्ति म्हणतात, ती पैशाची खरेदी करण्याची ताकदच या जुन्या रीतींत सरळ नोंदली जात होती. तरीहि ज्या पिढ्यांनीं हे हिशेब लिहिले त्यांनीं रुपयास चंचल म्हटलें नाहीं. त्यांच्या समजुतीप्रमाणें धान्य महाग होई किंवा स्वस्त होई. रुपया मात्र जेथल्या तेथें असे. या समजुतीचें मोल महाराष्ट्रास एकाच पिढींत दोन वेळां द्यावें लागलें. एकदां भाव चढले तेव्हां, आणि पुन्हां ते उतरले तेव्हां. १८६१ पासून १८७९ पर्यंतच्या अठरा वर्षांचा हा इतिहास आहे.

रुपया अचल आहे असें वाटण्यास कारणहि तसेंच होतें. पेशवाईच्या अखेरीस अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये चालत, आणि कोणत्या रुपयावर किती बट्टा बसावयाचा हें सराफ ठरवी. १८३५ सालीं कंपनी सरकारनें कायदा करून आपल्या साऱ्या मुलखासाठीं एकच रुपया ठरविला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध रुपें. हें प्रमाण इतकें काटेकोर होतें कीं तराजूच्या पारड्यांत वजनाच्या ऐवजीं रुपयेच टाकीत, आणि ऐंशी रुपये भार म्हणजे एक पक्का शेर असा हिशेब चाले. जें नाणें वजन म्हणून चुकत नाहीं तें मोल म्हणून तरी कां चुकावें, असें सामान्य मनुष्यास वाटलें तर त्यांत आश्चर्य नाहीं.

परंतु वजन आणि मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या वेळीं टांकसाळीचा नियम असा होता कीं कोणीहि रुपें आणावें आणि थोडी घडणावळ देऊन त्याचे रुपये पाडून न्यावे. अर्थात् परदेशांतून रुप्याचा ओघ वाढला कीं बाजारांतील रुपयांची संख्या वाढे. ज्या मानानें रुपये वाढले त्या मानानें धान्य, कापड, लांकूड, राहण्याच्या जागा वाढल्या नाहींत, तर तेवढ्याच मालासाठीं अधिक रुपये पुढें येत. मग प्रत्येक रुपयाच्या वांट्यास कमी माल येई. रुपयाच्या रुप्यांत एका गुंजेचीहि घट न होतां त्याचें मोल असें घटूं शकतें.

ही घट मुंबईकरांनीं प्रत्यक्ष पाहिली ती अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत तें युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखून धरलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. गुजराथ, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाड येथील कापूस मुंबईच्या धक्क्यावर येऊन पडूं लागला, आणि थोड्याच वर्षांत त्याचा भाव तिपटीच्याहि वर गेला. या कापसाच्या किंमतीचा मोठा भाग सोन्यारुप्याच्या रूपानें बंदरांत उतरला, आणि रुपें टांकसाळींतून रुपये होऊन बाहेर पडलें.

त्याच सुमारास दुसराहि एक प्रवाह वाहत होता. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत धांवलेली आगगाडी सह्याद्रि ओलांडण्याच्या खटपटींत होती. भोर घाटांतील काम १८६३ सालीं पुरें झालें. तें ऐन भरांत असतां चाळीस हजारांवर मजूर तेथें खपत होते. या मजुरांना रोख रुपये मिळत, आणि ते रुपये मागोमाग धान्याच्या बाजारांत येत. रेल्वेच्या कामामुळें धान्य खाणारांच्या हातीं पैसा आला. पण धान्य पिकविणारे हात मात्र त्या कामासाठीं शेतांतून उठून आले होते.

मुंबईंत या पैशाचा पूर आला. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना यांची एकच गर्दी उसळली. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लाखांचे व्यवहार होऊं लागले. बॅक बे कंपनीच्या पांच हजार भरलेल्या शेअराचा भाव सुमारें दसपटीवर गेला. पुढें दिनशा वाच्छा यांनीं या शेअरवेडाची हकीकत १९१० सालीं ग्रंथरूपानें लिहिली. शहरांत माणसांचीहि दाटी झाली. १८६४ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली.

या भरतीच्या काळांत ज्याच्याजवळ विकावयास माल होता, किंवा ज्याची मजुरी रोजच्या रोज ठरत होती, त्यास महागाई जाचली नाहीं. त्याचेंहि उत्पन्न वाढतच होतें. ज्यानें जुनें कर्ज काढलें होतें त्याचें तर ओझेंच हलकें झालें. मार बसला तो ठरीव रकमेवर जगणारांना. कचेरींतील कारकून, शाळेंतील पंतोजी, पेन्शन खाणारा वृद्ध, दिरानें लावून दिलेल्या सालीना नेमणुकीवर दिवस काढणारी विधवा, यांच्या हातीं पूर्वींइतकेच रुपये पडत होते. कोणीं त्यांचा पगार कापला नव्हता, कोणीं त्यांचें देणें बुडविलें नव्हतें. समजा, वीस रुपये मिळविणाऱ्या कारकुनास पूर्वीं रुपयास वीस शेर धान्य मिळे आणि आतां दहाच शेर मिळूं लागलें. तर त्याचा पगार कागदावर वीस राहून चुलीपाशीं दहाच झाला. ही कपात कोणत्याहि हुकुमानें झाली नाहीं, म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागण्याचें ठिकाणहि सहसा नसतें. सरकारी नोकरांचा पगार पुरेनासा झाला तेव्हां मुंबई सरकारलाहि या महागाईचा विचार करणें भाग पडलें.

१८६५ च्या एप्रिलांत जनरल लीनें शरणागति पत्करली आणि अमेरिकेंतील युद्ध संपण्याचा रंग दिसूं लागला. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशीं देणारे पुष्कळ आणि देऊं शकणारे थोडे, असा प्रकार झाला. जुनी बँक ऑफ बाँबे या तडाख्यांतून सावरली नाहीं. १८६८ सालीं तिच्या जागीं नवी बँक उभी राहिली. १८७२ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ वर उतरली होती.

शहराची गोष्ट येथें संपते, आणि खेड्यांची येथून सुरू होते. पुणें व नगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यांत कापूस थोडाच पिके. तेथें तेजी आली ती धान्याच्या भावाच्या, गाडीभाड्याच्या आणि मजुरीच्या वाटेनें. ज्वारी-बाजरी चांगल्या दरानें विकूं लागल्यावर कुणब्याची पत वाढली, आणि पत वाढतांच सावकार कर्ज देण्यास अधिक राजी झाला. बैल घेण्यास, विहीर खणण्यास, लग्नकार्यास, सरकारचा सारा भरण्यास कर्जें निघालीं आणि खतें लिहिलीं गेलीं. भाव असेच राहतील, हें कोणीं स्पष्ट बोलून दाखविलें नसलें तरी प्रत्येक खताच्या पोटांत तें गृहीत होतें.

सरकारनेंहि तेंच गृहीत धरलें. इंदापूर तालुक्याची पाहणी १८३६ सालीं होऊन तीस वर्षांसाठीं सारा ठरला होता. ती मुदत भरून फेरपाहणी झाली ती १८६७ च्या सुमारास, म्हणजे भाव चढलेले असतांनाच. आणि पुढील तीस वर्षांचा वाढीव सारा त्या भावांकडे पाहून बसविला गेला. मागाहून इतर तालुक्यांचीहि पाळी आली. तेजीच्या दिवसांत मोजलेलें माप मंदीच्या दिवसांवर लादलें गेलें. तक्रारी वाढल्यावर १८७४ सालीं मुंबई सरकारनें साऱ्याच्या वाढीस मर्यादा घातली.

तोंपर्यंत धान्याचे भाव उतरले होते. शहरांतल्या कारकुनास आतां बरे दिवस आले. त्याचा रुपया पुन्हां अधिक शेर आणूं लागला. पण तोच भरदार झालेला रुपया कर्जदार कुणब्याच्या छातीवर धोंडा होऊन बसला. एक साधा हिशेब पाहावा. रुपयास दहा शेर ज्वारी असतां ज्यानें शंभर रुपये कर्ज काढलें, त्यानें हजार शेर ज्वारीचें देणें अंगावर घेतलें. भाव उतरून रुपयास वीस शेर झाले म्हणजे त्याच शंभर रुपयांसाठीं त्यास दोन हजार शेर विकावे लागणार, आणि व्याज त्याहून निराळें. खतांतील एक अक्षरहि बदललेलें नाहीं, सावकारानें एक कवडीहि अधिक मागितलेली नाहीं, तरी कर्ज मात्र दुप्पट झालें. शेत तेंच, पाऊस तोच, बैल तेच. दुप्पट धान्य आणावयाचें कोठून?

खुद्द सावकारीच्या रीतीहि सरळ नव्हत्या, हें खरेंच आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताचें आयुष्य तीन वर्षांवर आणलें होतें. तो केला होता जुन्या दाव्यांना आळा घालण्यासाठीं. पण त्याचा परिणाम असा झाला कीं दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवें खत लिहून घेण्याचा प्रघात पडला. निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी. दिवाणी कोर्ट खत पाहून हुकुमनामा देई, आणि पूर्वीं न विकली जाणारी जमीन आतां कर्जापायीं सावकाराच्या नांवावर चढे. दंग्याचीं कारणें अशीं अनेक होतीं. परंतु जें कर्ज तेजींत सहन झालें तें मंदींत असह्य कां झालें, याचें उत्तर रुपयाच्या बदललेल्या मोलाकडे पाहिल्यावांचून मिळत नाहीं.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं बाजाराच्या दिवशीं जमलेल्या लोकांनीं गुजर-मारवाडी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. तेथून हें लोण पुणें आणि नगर या जिल्ह्यांतील कित्येक गांवीं पोंचलें. या दंग्याचें एक लक्षण चौकशी करणाऱ्या कमिशनलाहि जाणवलें. लोकांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतें आणि हुकुमनामे हवालीं करा, अशी मागणी असे. तीं मिळालीं कीं जाळून टाकीत, आणि पुष्कळ ठिकाणीं तेवढ्यावरच समुदाय पांगे. ज्या कागदावर अंगठा उठविला होता त्याचा अर्थच आपल्या नकळत पालटला आहे, अशी त्या लोकांची भावना होती. ती त्यांनीं बोलून दाखविली नाहीं, करून दाखविली.

त्यानंतर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ येऊन गेला, आणि १८७९ सालीं दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत कोर्टास खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. कागदावरील आंकडा हाच अखेरचा शब्द नव्हे, एवढें तत्त्व कायद्यानें मान्य केलें. मात्र तें मान्य झालें तें सावकाराच्या लबाडीपुरतें. रुपयाच्या मोलांत झालेला फरक मोजण्याचें साधन त्या कायद्यापाशीं नव्हतें.

पुढें रुपयाचें रूपहि पालटत गेलें. १८७३ नंतर युरोपांतील राष्ट्रें सोन्याच्या चलनाकडे वळलीं, जगांत रुपें स्वस्त झालें, आणि १८९३ सालीं हिंदुस्थानच्या टांकसाळी खाजगी रुप्यास बंद झाल्या. १९१७ सालीं एक रुपयाची कागदी नोट निघाली, १९४० सालीं रुपयांतील रुपें निम्म्यावर आलें, आणि १९४७ सालीं तो निकेलचा झाला. तोळाभर रुपें जाऊन त्याच्या जागीं सरकारचें वचन आलें. २०१६ सालीं रिझर्व्ह बँकेपुढें महागाईची वाढ वर्षास शेंकडा ४ च्या आसपास ठेवण्याचें ध्येय घालण्यांत आलें. ही गति सौम्य वाटते. पण त्या हिशेबानेंहि अठरा वर्षांच्या आंत रुपयाचें मोल निम्म्यावर येतें. आज जन्मलेल्या मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेली पेटींतली रक्कम ती कॉलेजांत जाईपर्यंत कागदावर तेवढीच राहते, आणि बाजारांत अर्धी होते.

१८६४ चा कारकून आणि १८७५ चा कुणबी यांचीं दुःखें परस्परविरुद्ध होतीं. एकाचा रुपया हलका झाला, दुसऱ्याचा जड झाला. दोघांनींहि कष्टांत कसूर केली नव्हती. दोघांचीहि फसगत एकाच ठिकाणीं झाली. रुपयानें इतर वस्तु मोजतात, पण रुपयासहि मोजावें लागतें, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. वास्तविक तें माप घरांतल्याच चोपडींत लिहिलेलें होतें. दीर्घ मुदतीचें कर्ज घेतांना, देतांना, किंवा म्हातारपणासाठीं रक्कम बाजूस टाकतांना आंकडा किती हें पाहण्याबरोबरच, त्या दिवशीं रुपयास किती शेर येतील, हा जुना प्रश्न विचारणें आजहि तितकेंच अगत्याचें आहे.