पेण-रोह्याचा तांदूळ आणि अन्नधोरणाची मोजमापे

अन्नधोरणाचा इतिहास बहुधा तुटीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. धान्य किती पिकले, किती आयात झाले व दरडोई किती वाट्यास आले, एवढ्याच प्रश्नांभोवती तो फिरतो. खाणाऱ्याने कोणते धान्य पसंत केले व का, हा प्रश्न त्यात गौण ठरतो. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १ जानेवारी १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे हे तालुके या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होत. येथे धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ. परंतु तांदूळ ही येथे एकच वस्तू नव्हे.

खाडीकाठच्या खारेपाटात समुद्राचे पाणी बांध व उघाड्यांच्या साहाय्याने रोखून भातशेती केली जाते. मोड आलेले बी फोकण्याची ‘रहू’ पद्धत या जमिनीतलीच. क्षार सोसणारा तांबडा ‘राता’ हे तेथील परंपरागत पीक. आतील गोड्या जमिनीत हळवे, निमगरवे व गरवे असे भात, तर डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी. भात निघाल्यावर जमिनीतील उरल्या ओलीवर वाल घेतले जातात. एकाच घरात तांदळाचे भात, भाकरी, पेज व पोहे असे निरनिराळे उपयोग होतात, आणि प्रत्येक उपयोगास प्रत्येक जात सारखीच चालते असे नाही. पेणच्या पोह्यांचा व्यापार याच भेदावर उभा आहे. शिवाय येथील ग्राहक पुष्कळदा स्वतःच पिकविणाराही असल्याने त्याची निवड बाजाराच्या आधी, बी ठेवतानाच झालेली असते.

शासकीय खर्चाने झालेल्या संशोधनाची पहिली शाखा याच बियाण्यापासून निघाली. कर्जत येथे १९१९ मध्ये भात संशोधन केंद्र निघाले, आणि पुढे पनवेल येथे खारभूमीसाठी स्वतंत्र कार्य सुरू झाले. ‘काळा राता १-२४’ व ‘भुरा राता ४-१०’ हे पनवेलचे सुधारित वाण म्हणजे शेतकऱ्यांच्याच राता भातातून केलेली निवड होय. पुढे १९६६ मध्ये ‘आयआर-८’ हे अधिक उत्पन्नाचे भात प्रसृत झाले, आणि भुऱ्या रात्याशी त्याचा संकर करून ‘पनवेल-१’ सिद्ध झाला. १९७२ मध्ये दापोलीस कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे कार्य त्याच्याकडे आले. या शाखेने क्षार व उत्पन्न यांचे प्रश्न समर्थपणे हाताळले. ताटातील पसंती मात्र तिचे प्रमुख परिमाण नव्हते.

दुसरी शाखा उपभोगाच्या मोजणीची. तिचा आरंभ खेड्यात न होता, कोकणातील मनुष्यबळ ज्या शहराकडे जात असे त्या मुंबईत झाला. मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. कामगार दुष्काळ-संहितेतील कमाल मर्यादेइतके धान्य खातो, परंतु तुरुंगाच्या नियमावलीतील आहारापेक्षा ते कमी भरते, हा फिंडले शिरास यांच्या १९२३ मधील अहवालाचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. येथे मोजमाप वजनाचे होते. १९४२ मध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, आणि २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. तेव्हा या वजनी दृष्टीला शासनव्यवहाराचे रूप आले. तांदूळ पुरेना, म्हणून भात खाणाऱ्यांस इतर धान्य घ्यावे लागले. शिधापत्रिकेच्या हिशेबात मात्र शेर तो शेरच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात या मोजणीस राष्ट्रीय स्वरूप आले, आणि त्यात रोह्याचा संबंध येतो. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री व भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष असताना, १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था पहिल्याच फेरीत सहभागी होती. याच पाहणीच्या १९६०-६१ च्या आकड्यांवर वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी, फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने, १९७१ मध्ये दारिद्र्याचा सुप्रसिद्ध अभ्यास सिद्ध केला. दररोज दरडोई २२५० उष्मांक ज्या खर्चपातळीवर प्रत्यक्षात मिळतात ती पातळी त्यांनी गृहीत धरली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात वर्षाला सुमारे १८० व शहरी भागात २७० रुपये ठरली.

या पद्धतीतील एक मर्म सहसा दुर्लक्षिले जाते. स्वस्तात स्वस्त अन्नाने २२५० उष्मांक किती रुपयांत मिळतील, असे दांडेकर-रथ यांनी विचारले नाही; लोक आपल्या सवयीने खर्च करीत असता ते केव्हा मिळतात, हे पाहिले. म्हणजे खाणाऱ्याची निवड त्यांनी नाकारली नव्हती, ती रुपयांच्या आकड्यात सामावून घेतली होती. परंतु सामावलेली वस्तू दिसेनाशी होते. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकांच्या एकाच सरासरी गरजेवर आक्षेप घेतला व दीर्घ वाद झाला. तोही ‘किती’ याविषयीच होता. नमुना पाहणीच्या कोष्टकांत शिधावाटपाचा तांदूळ व इतर तांदूळ निरनिराळे नोंदले गेले, पोह्यांनाही स्वतंत्र रकाना मिळाला. तांबडा की पांढरा, घरचा हळवा की बाजारचा, यास रकाना नाही.

ही उणीव केवळ सूक्ष्मतेची नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, ही मोठीच प्राप्ती आहे. परंतु बांध फुटून खाचरात खारे पाणी शिरले आणि रात्याचे बी राखणारे घर दुकानाच्या तांदळावर आले, तरी कोष्टकात तांदळाचे किलो तितकेच दिसू शकतात. एक बियाणे, एक चव व एका जमिनीचा उपयोग अशा तिन्ही गोष्टी नाहीशा होतात, आणि आकडा हलत नाही. पेण-रोह्यात यापुढे होणाऱ्या अभ्यासाने म्हणून वजनाबरोबर जात, उपयोग व नकाराचे कारण हे तीन रकाने तरी जोडले पाहिजेत. खाणारा काय नाकारतो हे कळल्यावाचून त्याने काय स्वीकारले याचा अर्थ लागत नाही.