प्राथमिक शाळांतील समावेशित शिक्षण (उल्हासनगर परिसर)

समावेशित शिक्षण म्हणजे विशेष गरजा असणाऱ्या बालकांना त्यांच्या वयाच्या इतर मुलांसोबत एकाच वर्गात शिकवण्याची आणि त्यासाठी अध्यापनाची रीत, साहित्य व मूल्यमापन त्यांच्या गरजेनुसार बदलण्याची व्यवस्था होय. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील लगतची शहरे आहेत. तेथील व भोवतालच्या गावांतील प्राथमिक शाळांना राज्याचीच धोरणे लागू असली, तरी परिसराची बहुभाषिकता आणि हंगामी स्थलांतर यांमुळे वर्गशिक्षकाचे काम येथे अधिक गुंतागुंतीचे होते.

कायदेशीर पार्श्वभूमी

केंद्र शासनाने १९७४ मध्ये अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. तिच्यात मुलाने सर्वसाधारण शाळेशी जुळवून घेणे अपेक्षित होते. शाळेने मुलासाठी बदलावे, ही कल्पना पुढे आली. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. त्यात प्रकारांची संख्या २१ झाली आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांना स्पष्ट स्थान मिळाले. या अधिनियमानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास नजीकच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश वंचित गटात केला. त्यामुळे खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर त्यांना प्रवेश मिळू शकतो. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकास घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही याच दुरुस्तीने दिला. हा पर्याय बालकाचा आहे. शाळेने प्रवेश टाळण्यासाठी वापरावयाची ती पळवाट नव्हे.

विशेष शिक्षक

विशेष शिक्षकास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली अर्हता व परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ मधील निर्णयानंतर केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये पहिली ते पाचवीसाठी १० विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांमागे १ आणि सहावी ते आठवीसाठी १५ विद्यार्थ्यांमागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. महाराष्ट्रात मात्र हे काम दीर्घकाळ कंत्राटी शिक्षकांकडे होते. २०२४ मध्ये राज्य शासनाने विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली. राज्यातील शालेय केंद्रांची संख्याही तेवढीच असून, केंद्र ही साधारण १० शाळा एकत्र करून १९९४ पासून अस्तित्वात आलेली रचना आहे.

एका केंद्राला एक पद असा हिशेब धरला, तर विशेष शिक्षक प्रत्येक शाळेत पाहुण्यासारखाच येणार, हे उघड आहे. उरलेल्या दिवसांत मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते. म्हणून विशेष शिक्षकाची भेट किती वेळ झाली यापेक्षा त्याने वर्गशिक्षकाच्या हाती काय देऊन ठेवले, याला व्यवहारात अधिक महत्त्व येते.

भाषा आणि निदान

उल्हासनगर हे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांचे शहर असून १९४९ मध्ये त्यास हे नाव मिळाले. कारखाने व लघुउद्योगांमुळे पुढे या पट्ट्यात हिंदीभाषक प्रांतांतूनही कुटुंबे आली. त्यामुळे घरी सिंधी, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी अशी पहिलीतल्या मुलाची स्थिती अपवादात्मक नाही. अशा मुलाचे वाचन रखडले, तर कारण अपरिचित भाषा की अध्ययन अक्षमता, हा प्रश्न येथे नेहमीचा आहे. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते: एकात धडधाकट मुलावर शिक्का बसतो, दुसऱ्यात गरजू मूल ‘भाषा येईल हळूहळू’ म्हणून वर्षानुवर्षे मागे राहते.

चुकांचे स्वरूप पाहिल्यास काही उलगडा होतो. सिंधीत व प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही आणि दोन्हींत नपुंसकलिंग नाही. म्हणून ‘कमळ’चे ‘कमल’ होणे किंवा ‘ते पुस्तक’ऐवजी ‘ती पुस्तक’ येणे हे घरच्या भाषेचे लक्षण आहे. याउलट घ-ध, म-भ अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल, काना-मात्रा गळणे, जोडाक्षरापाशी अडखळणे, तोच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिणे हे सरावानंतरही टिकून राहिले, तर सविस्तर तपासणी आवश्यक ठरते. खरी अध्ययन अक्षमता घरच्या भाषेतही दिसते: अक्षरओळख झाल्यावर त्या भाषेतील वाचन तितकेच अडते, ध्वनी सुटे करता येत नाहीत. त्यामुळे घरच्या भाषेत मुलाशी बोलून पाहणे ही पहिली पायरी मानावी लागते.

चाचण्यांची भाषा हीही अडचण आहे. भारतीय भाषांसाठी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘डाली’ ही वाचनअक्षमतेची चाचणी आरंभी हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत होती. सिंधी त्यांत नव्हती. प्राथमिक छाननीसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही पडताळासूची आणली. तिचा पहिला भाग वर्गशिक्षक व दुसरा विशेष शिक्षक भरतो. ही सूची म्हणजे निदान नव्हे.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र ८ वर्षांपूर्वी दिले जात नाही. मुंबई महानगरात शीव, नायर व केईएम ही पालिका रुग्णालये या प्रमाणपत्रासाठी दीर्घकाळ प्रमुख केंद्रे राहिली. बदलापूरहून तेथवर रोजंदारी बुडवून वारंवार जाणे पालकांना सोपे नसते. मात्र वर्गातील मदत सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नाही. ते परीक्षेतील सवलती व भत्ते यांसाठी लागते.

वर्गातील उपाय

बहुतेक उपाय खर्चिक नसतात. अल्पदृष्टी असलेल्या मुलास फळ्याजवळ, खिडकीचा उजेड पाठीमागून येईल असे बसवणे व मोठ्या अक्षरांतील पुस्तक देणे. कर्णबधिर मुलाकडे तोंड करून बोलणे आणि फळ्याकडे वळून लिहिताना बोलणे थांबवणे. दुसरी गोष्ट ऐकायला क्षुल्लक आहे, पण अंगवळणी पडायला सर्वांत कठीण. स्वमग्न मुलास दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर दाखवल्यास तास बदलताना होणारी घालमेल कमी होते. अतिचंचल मुलास वह्या वाटण्यासारखे काम दिले, की उठण्याला कारण मिळते. लेखन अडणाऱ्या मुलाची उत्तरे तोंडी घेता येतात. या साऱ्याची नोंद वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात होते. ‘वाचन सुधारणे’ असे मोघम उद्दिष्ट त्यात निरुपयोगी असते. ‘दोन महिन्यांत काना व वेलांटीचे साधे शब्द वाचणे’ असे लिहिले, तर ते साधले की नाही हे तपासता येते.

सवलती व भत्ते

लेखी परीक्षेत पात्र विद्यार्थ्यास लेखनिक आणि दर तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो. समग्र शिक्षा योजनेत प्रतिविद्यार्थी वार्षिक ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असून तिच्यातून साहित्य, प्रवास व मदतनीस यांचा खर्च भागवला जातो. मुलींना दरमहा २०० रुपये याप्रमाणे १० महिने विद्यावेतन आहे.

स्थलांतरित मुले

अंबरनाथ तालुक्याच्या ग्रामीण भागात कातकरी व ठाकूर वस्त्या आहेत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा मुलाची गैरहजेरी त्याच्या मागे पडण्याचे पुरेसे कारण भासते, त्यामुळे ऐकण्या-पाहण्यातील दोष तिच्याआड लपून राहू शकतो. जूनमध्ये शाळा उघडताच कान-डोळ्यांची तपासणी करणे आणि आराखड्याची प्रत पालकांसोबत भट्टीजवळच्या शाळेत पाठवणे, हे येथे उपयोगी पडणारे दोन उपाय आहेत.