नंबर प्लीज!

टेलिफोनच्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता माणूस इंजिनिअर नव्हताच. त्याचा धंदा होता अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा! नाव आल्मन स्ट्रौजर, मुक्काम कॅन्सस सिटी, मिझुरी. त्या काळात, म्हणजे १८८०च्या दशकात, फोन लावायचा तर आधी एक्स्चेंजमधल्या बाईंना सांगावं लागायचं. मग त्या समोरच्या बोर्डावर दोरी खोचून तुमची लाइन दुसऱ्याच्या लाइनला जोडून द्यायच्या. असं सांगतात की गावातल्या दुसऱ्या एका अंत्यविधीवाल्याची बायकोच ऑपरेटर होती आणि स्ट्रौजरची गिऱ्हाइकं ती परस्पर नवऱ्याकडे वळवायची. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असणार, पण पुढचं मात्र पक्कं आहे. स्ट्रौजरने ऑपरेटरलाच वगळणारा आपोआप चालणारा स्विच बनवला, १० मार्च १८९१ला त्याला पेटंट मिळालं आणि नोव्हेंबर १८९२मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं.

हा स्विच कसा चालतो ते एकदा बघाच. एका दांड्याला एक पातं. विजेचे जितके टिक्के येतील तितक्या पायऱ्या पातं वर चढतं, मग पुढच्या टिक्क्यांनी आडवं फिरतं. दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा संपर्क, म्हणजे शंभर नंबर. यात अक्कल कुठे आहे? स्विचमध्ये तर नाहीच. ती आली फोन करणाऱ्याच्या बोटात! आधी नुसतं नाव सांगितलं की भागायचं, आता नंबर आपणच लक्षात ठेवायचा आणि आपणच फिरवायचा. ऑपरेटरचं काम संपलं नाही, तर ते वाटून सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर दिलं, तेही फुकटात :-)

हे सगळं आत्ता कशाला, तर मी ज्या टीममध्ये आहे तिथे मोबाइल नेटवर्कच्या ऑटोमेशनचं काम चालतं. ‘आता एआय नेटवर्क चालवणार, टेलिकॉममध्ये क्रांती होणार’ ही वाक्यं आठवड्याला चार स्लाइड्सवर तरी दिसतात. पण जरा मागे वळून पाहिलं की लक्षात येतं, या धंद्यात दर तीसेक वर्षांनी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यातली अक्कल काढून यंत्रात भरलेली आहे. आणि दर वेळी ज्याच्या डोक्यातून काढली त्याचं काय झालं, हा प्रश्न स्लाइडवर नसतोच.

आमची आत्या साताऱ्याला ट्रंक बोर्डावर होती. माझ्या वयाच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. भारतात एसटीडी पहिल्यांदा सुरू झालं १९६०मध्ये, कानपूर ते लखनौ. पण ते गावोगाव पोचायला पुढची दोन-तीन दशकं गेली आणि तोवर सगळा भार बोर्डावरच्या बायकांवर होता. आत्या म्हणते, “अरे, पावसाळ्यात नुसत्या खरखरीवरून कळायचं लाइन कुठे ओली आहे ते. मग आम्ही दुसऱ्या गावावरून फिरवून द्यायचो.” डॉक्टर दवाखान्यात नसले तर कुठे असतील, रात्री तीनला आलेला कॉल खरा अर्जंट आहे की कुणी मजा करतंय, हे सगळं तिला ठाऊक असायचं. नेटवर्कच्या भाषेत बोलायचं तर रूटिंग, फॉल्ट डिटेक्शन, प्रायॉरिटी आणि स्पॅम फिल्टर, चारही कामं एकाच खुर्चीत!

मग आला सी-डॉट. ऑगस्ट १९८४मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने ही संस्था सुरू झाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढ्यात देशी डिजिटल एक्स्चेंज बनवायचं असं ठरलं. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज. परदेशी मशीनला वातानुकूलित खोली लागायची. आपल्याकडे खेड्यात वीजच धड नाही, एसी कुठून आणणार? म्हणून डिझाइनच असं केलं की एसी लागूच नये. जुलै १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं बसवलं. पुढे चौकाचौकात पिवळे एसटीडी-पीसीओ बूथ उभे राहिले आणि ट्रंक बोर्ड ओस पडत गेले. आत्याची नोकरी गेली नाही. सरकारी खातं ते, आधी १९७ला नंबर सांगायला बसवलं, मग बिलांच्या विभागात. पण ओल्या लाइनचं ज्ञान तिथे कुणाला हवं होतं?

अमेरिकेत मात्र हिशोब सरळ होता. तिथे सुरुवातीला बोर्डावर पोरं असायची, ती उर्मट बोलायची म्हणून १ सप्टेंबर १८७८ला बोस्टनमध्ये एमा नट या बाईंना नेमलं आणि बघता बघता हे बायकांचंच काम झालं. १९२०पर्यंत तरुण मुलींच्या मोठ्या नोकऱ्यांपैकी ही एक होती. १९२० ते १९४० या काळात एटी अँड टीने निम्म्याहून जास्त जाळं स्वयंचलित केलं. शहरं एकामागून एक, ठरलेल्या रात्री. त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांना आयताच प्रयोग मिळाला. फायगेनबॉम आणि ग्रॉस या दोघांनी जनगणनेच्या नोंदी जोडून यावर निबंध लिहिला, तो २०२४मध्ये छापून आला. निष्कर्ष वाचण्यासारखे आहेत. नंतर वयात आलेल्या मुलींना फारसा फटका बसला नाही, त्या सेक्रेटरीच्या किंवा हॉटेलांतल्या कामांकडे वळल्या. पण ज्या आधीपासून ऑपरेटर होत्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणी कमी पगाराच्या कामाला लागल्या किंवा नोकरीतूनच बाहेर पडल्या. म्हणजे ‘नव्या नोकऱ्या तयार होतात’ हे खरं, फक्त त्या जुन्यांनाच मिळतात असं नाही. पुढच्या वेळी कुणी मीटिंगमध्ये पहिलं अर्धं वाक्य म्हणालं की दुसरं अर्धं मी म्हणणार आहे.

बरं, टेलिफोन आणि एआय यांचं नातं आजचं आहे असं तुम्हाला वाटत असेल तर एक उंदीर दाखवतो. १९५०मध्ये बेल लॅब्जमध्ये क्लॉड शॅननने ‘थीसिअस’ नावाचा यांत्रिक उंदीर केला. तो चक्रव्यूहात धडपडत वाट शोधायचा आणि दुसऱ्यांदा सोडला की बिनचूक जायचा. उंदीर आपला साधाच, लोहचुंबकाने ओढला जाणारा. डोकं होतं चक्रव्यूहाच्या खाली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात त्याच रिलेंचं बनलेलं! शिकणाऱ्या यंत्रांच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक टेलिफोनच्या सुट्या भागांतून झाला.

त्याच्याही आधी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग नावाचे गणिती होते. शंभर लोकांसाठी किती लाइनी टाकायच्या, कमी टाकल्या तर किती जणांना एंगेज टोन मिळेल, याचं गणित त्यांनी १९०९ आणि १९१७च्या निबंधांत मांडलं. त्यावर अख्खं शतक निघालं. आजही ट्रॅफिकचं एकक एरलांगच आहे: एक लाइन तासभर सलग व्यस्त म्हणजे एक एरलांग. आणि एर्ना हूव्हर! एक्स्चेंजमध्ये सॉफ्टवेअर आल्यावर (पहिलं मोठं १९६५मध्ये, न्यू जर्सीत सकासन्ना इथे) गर्दीच्या वेळी प्रोसेसरने कुठलं काम आधी करायचं, याचा उपाय बाईंनी बाळंतपणात हॉस्पिटलच्या खाटेवर बसून रेखाटला. १९७१मध्ये पेटंट मिळालं, सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या पेटंटांपैकी ते एक. आपण साधी मॅटर्निटी लीव्ह पॉलिसी वाचायला वेळ काढत नाही.

आता एक भीतीदायक गोष्ट. १५ जानेवारी १९९०. न्यूयॉर्कमधल्या एटी अँड टीच्या एका स्विचला काहीतरी त्रास झाला, त्याने नियमाप्रमाणे स्वतःला रीसेट केलं आणि काही सेकंदांत परत कामाला लागला. ‘मी आलो’ हा त्याचा निरोप घेता घेता शेजारचे स्विच कोसळले. ते रीसेट होऊन परत आले तर त्यांचे शेजारी कोसळले. असे ११४ स्विच, नऊ तास, आणि कंपनीच्या जाळ्यावरचे निम्मे कॉल लागेनात. कारण काय, तर सी भाषेतल्या प्रोग्रामात चुकीच्या जागी पडलेला एक ब्रेक! तोही ‘स्विच’ स्टेटमेंटच्या आतला, आता बोला. महिनाभर आधी सगळीकडे तेच नवं सॉफ्टवेअर चढवलेलं होतं. मला यातली खोच अशी वाटते: ऑपरेटर बायका चुकायच्या नाहीत असं नाही, पण त्या सगळ्या एकाच क्षणी एकाच पद्धतीने चुकायच्या नाहीत.

हे डोक्यात ठेवून आजच्या नेटवर्ककडे बघू. भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ला आणि दोन-अडीच वर्षांत चार लाखांहून जास्त ५जी बेस स्टेशन उभी राहिली. एकेका स्टेशनला शेकड्यांनी सेटिंग्ज. कुठल्या क्षणी फोन शेजारच्या टॉवरकडे सोपवायचा, अँटेना किती झुकवायचा, ६४ अँटेनांच्या पॅनेलने किरण कुठे रोखायचा, रात्री दोनला कुठला बँड झोपवून वीज वाचवायची. हे हाताने करणं शक्यच नाही. म्हणून २००८च्या सुमारास, ४जीच्या पहिल्या प्रमाणांतच, ‘आपला शेजारी कोण ते टॉवरने स्वतः शोधायचं’ ही सोय आली. त्याआधी ती शेजाऱ्यांची यादी इंजिनिअर एक्सेलमध्ये करत. ५जीमध्ये तर आकडेवारी गोळा करून विश्लेषण करणारा एक स्वतंत्र घटकच गाभ्यात घातलाय. २०१८मध्ये स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्सने आणखी पुढे जाऊन अशी जागा ठेवली की कुणीही बाहेरचा लहान प्रोग्राम लिहून तिथे बसवावा आणि त्याने सेकंदाच्या आत रेडिओचे निर्णय घ्यावेत. स्पॅमचंही तेच. सप्टेंबर २०२४पासून एअरटेलच्या जाळ्यावर यंत्रच ठरवतं की कॉल संशयित आहे. रात्री तीनचा कॉल खरा की खोटा, हे आत्याचं काम शेवटी तिथे गेलं.

फरक कुठे आहे? स्ट्रौजरचं पातं का थांबलं ते डोळ्यांनी दिसायचं. १९९०चा तो ब्रेक कोड वाचून सापडला. मॉडेलने सेल का झोपवला, हे वाचायला ओळच नसते, असतात ती फक्त वजनं. आणि सगळ्या टॉवरवर मॉडेल एकच चढवलं की ११४ स्विचची आठवण येते. मी एआयच्या विरोधात मुळीच नाही, माझं पोट त्यावरच आहे. पण मॉडेलला किती हलवायची मुभा आहे याची कुंपणं साध्या, वाचता येणाऱ्या नियमांत असावीत आणि सगळीकडे एकदम चढवू नये, यावर मी अडून बसतो. टीममध्ये मला त्यावरून ‘आजोबा’ म्हणतात.

नोकऱ्यांचं म्हणाल तर ब्रिटनच्या बीटीने मे २०२३मध्येच सांगून टाकलंय की २०३०पर्यंत ५५ हजारांपर्यंत माणसं कमी होतील, त्यातली सुमारे १० हजार कामं एआय आणि ऑटोमेशनमुळे. नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये रात्रपाळीला अलार्म बघत बसणारी मुलं आमच्याकडेही आहेत. त्यातल्या एकाला कोकणातल्या टॉवरांचे अलार्म नुसते बघून कळतं की हे वीज गेल्याचे आहेत, केबल तुटल्याचे नाहीत. कारण आधी कुठले चार टॉवर जातात हे त्याला पाठ आहे. आम्ही त्याला विचारून विचारून ते मॉडेलला शिकवतोय. तो हसत सांगतो, चहा पीत पीत. सप्टेंबरमध्ये त्या पाळीतली सहा माणसं चारवर येणार आहेत. त्याने पायथॉनचा क्लास लावलाय, शनिवारी सकाळी माझ्याकडे शंका घेऊन येतो. या शनिवारी लूपमधला ब्रेक शिकलो.